चौकशीबाईचं डावं-उजवं

बसस्टँडवरच्या सामानघराच्या खिडकीत ती बाई एकोणतीस वर्षं बसली. काम एवढंच, की प्रवाशाची बॅग घ्यायची, नंबराची पावती फाडून द्यायची, तोच नंबर बॅगेला बांधून आतल्या मांडणीवर ठेवायची आणि मागितली की परत द्यायची. पण सामानवाली असं तिला कुणी म्हणालं नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर, बाहेरचे टपरीवाले, हवालदार, सगळ्यांच्या तोंडी ती चौकशीबाई.

त्याला कारण भिंतीवरचा बाण. पूर्वी शेजारच्या खिडकीत चौकशीचा कारकून बसायचा, त्याला पोपट म्हणत. पोपट निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही आणि त्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या. बाण मात्र भिंतीवर राहिला. वर ‘चौकशी’ लिहिलेलं आणि टोक नेमकं हिच्या खिडकीवर. बाण पुसावा म्हणून तिनं तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला फळ आलं. एक रंगारी आला, त्यानं शिडी लावली, बाण पुसट झालाय असं म्हणाला आणि त्यावर लाल रंगाचा नवा हात मारून गेला. तेव्हापासून तिनं अर्ज करणं सोडलं.

मग लोक विचारायचे आणि ती सांगायची. बाई, तलाव कुठं? बाई, एका दिवसात काय काय बघून होईल? किल्ला आधी बघावा की संग्रहालय? राहायला स्वस्त कुठं, जेवायला बरं कुठं, आणि जिथं कुणी फसवणार नाही असं कुठं? काही जण उत्तर ऐकायचे आणि तिच्यासमोरच मागच्या माणसाला तेच विचारून खात्री करून घ्यायचे. काही मोबाइल पुढं करून म्हणायचे, “यात तर वेगळं दाखवतंय.” ती म्हणायची, “मग त्याच्याबरोबर जा.” एकानं एकदा विचारलं, “तुमच्या गावात बघण्यासारखं विशेष काय आहे?” ती म्हणाली, “काही नाही. म्हणून तर टिकले.”

तिची सांगायची एक पद्धत होती. खिडकीच्या फळीखाली मोठ्या ट्रंका ढकलायला दीड हात उंचीची फट होती. त्या फटीतून तिला आधी माणसाचे पाय दिसायचे, तोंड मागाहून. पाय बघून ती गाव सांगायची. झिजलेले बूट असले तर किल्ला. उंच टाचा असल्या तर तलाव, कारण रस्ता सपाट. सुजलेले पाय असले तर म्हणायची, “समोरच्या बाकावर बसा, चहा प्या, आणि आल्या गाडीनं परत जा. घरी सांगा सगळं बघितलं म्हणून.”

आता डाव्या-उजव्याचं. खिडकीची रचना अशी, की तिचं तोंड गाड्यांकडे आणि पाठ गावाकडे. समोरच्या प्रवाशाचं तोंड गावाकडे. म्हणजे हिचा उजवा हात तो त्याचा डावा. सुरुवातीला तिनं स्वतःच्या हातानं सांगितलं, तर लोक भलतीकडे जाऊन तासाभरानं शिव्या द्यायला परत यायचे. मग तिनं जीभच उलटी करून घेतली. हात उजवा करायचा आणि तोंडानं ‘डावीकडे’ म्हणायचं. वर्ष-दोन वर्षांत ते असं मुरलं, की तिच्या तोंडात उजव्याचं नावच डावं पडलं. घरी म्हणायची, “मीठ डाव्या हाताला आहे.” नवरा मुकाट्यानं उजवीकडे हात घालायचा आणि मीठ मिळायचं. नवऱ्याला सगळे फिटर म्हणत, कारखान्यात तो तेच काम करायचा. यंत्रांच्या आवाजानं त्याचा उजवा कान गेला होता. बायको डॉक्टरला म्हणाली, डावा. डॉक्टरनं चांगल्या कानात अर्धा तास बॅटरी मारली. तेव्हापासून फिटर स्वतःच्या दुखण्याचं स्वतः सांगायचा.

घरी आली की ती बोलत नसे. भांडण नव्हतं. शब्द संपलेले असायचे. “आमच्या हिची खिडकी सहाला बंद होते,” फिटर शेजाऱ्यांना सांगायचा. “पुढं फक्त सामान ठेवून घेतात.”

तर या बाईला एक थोरली बहीण. आक्का. बारा वर्षांनी मोठी. आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची, हिला आक्कानंच कडेवर वाढवलं. आक्काचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, ती बापाच्या घराच्या अर्ध्या वाट्यात राहिली. त्या वर्षी भाच्यानं, भावाच्या मुलानं, घर विकायला काढलं. आक्काला महिनाअखेर जागा सोडायची होती. भाच्याच्या नव्या घरात तिच्यासाठी गोठ्यामागची खोली होती, आणि भाच्याची बायको होती. त्या बायकोच्या आणि आक्काच्या मधून विस्तव जात नव्हता.

चौकशीबाईनं फोनवर म्हटलं, “मग आमच्याकडे ये.”

आक्का म्हणाली, “तू ये म्हणालीस की पुढं सरका म्हणालीस?”

आवाज तोच होता, खिडकीतला. त्याला ती काय करणार? आणि खोटं कशाला सांगा, मनातही घोळ होताच. आक्का म्हणजे प्रश्नांचं पोतं. हे असं का, ते तसं का, भाजी कुठून आणलीस, शेजारीण कुठली, तिचा नवरा काय करतो. चौकशीबाईला आक्का हवी होती. तिचे प्रश्न नको होते. पण पोतं रिकामं करून माणूस आणता येत नाही.

आक्का न कळवता आली, एका सोमवारी संध्याकाळी, खिडकी बंद होताना, आणि दोघी रिक्षानं घरी आल्या. अंगावर स्वेटर, पायात पुरुषी चपला, हातात करडी पिशवी. मोबाइल तिनं कधी ठेवला नव्हता.

सकाळी चौकशीबाई म्हणाली, “आज मला रजा नाही. खिडकीवरच्या जोडीदाराची कंबर धरलीय, तो घरी आहे. साहेब गुरुवारी सोडतो म्हणाले.” या जोडीदाराला स्टँडवर सावकाश म्हणत. त्याची कंबरही सावकाशच बरी व्हायची.

“मी काय लहान आहे? माझी मी बघून येते गाव,” आक्का म्हणाली.

“काय बघायचंय एवढं?”

“बैल घेताना दात बघतो आपण. मला तर इथं मरेपर्यंत राहायचं की नाही ते ठरवायचंय. पटलं तर राहीन. नाही पटलं तर सहाच्या गाडीचं परतीचं तिकीट आहे माझ्याकडे.”

चौकशीबाईच्या हातातला डबा तसाच राहिला. “कधी काढलंस तिकीट?”

“काल उतरल्या उतरल्या. तुझ्या खिडकीसमोर बाकावर बसले होते मी दोन तास. तुझं संपेपर्यंत.”

“हाक मारायची नाहीस?”

“रांग होती,” आक्का म्हणाली.

चौकशीबाईनं जुन्या पावतीपुस्तकातली एक पावती फाडली आणि मागच्या कोऱ्या बाजूला रस्ता लिहून दिला. दारातून डावीकडे. घड्याळाच्या चौकात उजवीकडे. मग नाकासमोर जा, मोठं पाणी लागेल, तो तलाव. तिथून स्टँड पाच मिनिटांवर, एक वाजता माझ्याकडे ये, मिळून डबा खाऊ. लिहिताना तिचा मोकळा हात हवेत वळत होता. हात आधी उजवीकडे गेला आणि मग डावीकडे. कागदावर मात्र एकोणतीस वर्षांची सवय उतरली.

फिटर घरात असता तर त्यानं कागद बघितला असता. पण तो पहाटेच पेन्शनच्या ऑफिसात रांगेला गेला होता. दरवर्षी तिथं जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागायचं, आणि त्याला अर्धा दिवस मरण यायचं.

एक वाजला. चौकशीबाईनं दोघींचा डबा फळीवर काढून ठेवला. दीड झाला. आक्का असते अशीच, कुठं बोलत बसली असेल, असं म्हणून तिनं चार पावत्या फाडल्या. दोन वाजता तिनं डबा परत पिशवीत ठेवला. मग ती खिडकीच्या फटीतून पाय बघत राहिली. बूट, सँडल, बूट, एक अनवाणी पोर. पुरुषी चपला पुरुषांच्याच पायांत.

शेवटी तिनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि समोरून जाणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं, “दादा, एक म्हातारी बघितलीत का? करडी पिशवी, स्वेटर?”

“इथं सगळ्यांकडेच पिशव्या आहेत, बाई,” तो न थांबता म्हणाला.

झाडूवालीला विचारलं. ती खाली बघतच म्हणाली, “समोर बघा, बाकावर असेल.” पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “येईल पाच मिनिटांत.” एकानंही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. चौकशीबाईला राग आला, आणि मग आपण कुणावर रागावतोय ते कळून तो जागीच बसला.

तिनं फिटरला फोन लावला. “आक्का हरवली.”

“कुणाला भरवली?”

“हरवली, अहो. आक्का. हरवली.”

हे सगळ्या स्टँडनं ऐकलं, फिटरनं सगळ्यात शेवटी. तीन वाजता तो सायकलवरून घामाघूम आला आणि चांगला कान खिडकीला लावून उभा राहिला.

“काय सांगितलं होतंस तिला?”

“लिहून दिलं होतं. दारातून डावीकडे, घड्याळाच्या चौकात उजवीकडे.”

फिटरनं घाम पुसला. “तुझं डावं की जगाचं?”

चौकशीबाईनं आपले दोन हात फळीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “माझं.”

“चल, बरं झालं,” फिटर सायकल वळवत म्हणाला. “म्हणजे कुठं नाही ते तरी कळलं. तलावाकडे नाही.”

तो उलट्या बाजूला गेला. तिला उठता येत नव्हतं. मांडणीवर लोकांचं सामान, त्याची किल्ली तिच्याकडे, सावकाश घरी. ती बसून राहिली. आक्का सहाच्या आत सापडली नाही तर काय, आणि सापडली तर काय, यात तिला फारसा फरक दिसेना. जिला बहिणीला धड घरापासून तलावापर्यंत पोचवता आलं नाही, तिच्या दारात मरेपर्यंत राहायला कोण येईल? सहाची गाडी, मग भाच्याचा गोठा. आक्का तिथं दोन वर्षंही काढणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि लोक म्हणतील, बहिणीनं वाट दाखवली.

तेवढ्यात खिडकीशी एक नवं जोडपं आलं. पायांत दोघांच्याही कोरे बूट. “बाई, तलाव कुठं आहे?”

तिनं हात उचलला आणि जीभ अडकली. हात एकीकडे, तोंड कुठंच नाही. असं तिला कधी झालं नव्हतं. ती म्हणाली, “बाहेर पडून कुणालाही विचारा.”

“विचारलं,” तो मुलगा म्हणाला. “सगळ्यांनी तुमच्याकडेच पाठवलं.”

“मग आज बघू नका,” ती म्हणाली. “उद्या पण तो तिथंच असेल.”

सव्वापाचच्या सुमाराला फटीत दोन पाय येऊन थांबले. पुरुषी चपला, घोट्यापर्यंत चिखल, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला, जगाच्या डाव्या, चिंधी बांधलेली. फळीवर करडी पिशवी आली. चौकशीबाईनं वर बघितलं नाही, कारण बघवेना. आणि तोंडातून सवयीनं जे रोज दोनशे वेळा बाहेर पडायचं तेच पडलं.

“किती वेळ ठेवायचं?”

“ते अजून ठरलं नाही,” आक्का म्हणाली.

चौकशीबाईनं बाजूचं दार उघडलं, आक्काला आत घेतलं आणि ट्रंकेवर बसवलं. डबा पुढं ठेवला. आक्का आधी पाणी प्याली, दोन ग्लास. मग जेवली. जेवता जेवता सांगू लागली, आणि चौकशीबाई मधे मधे पावत्या फाडत ऐकू लागली.

“कागदाप्रमाणे गेले. डावीकडे. घड्याळ लागलं. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, बाहेर एवढं मोठं पत्र्याचं घड्याळ रंगवलेलं. म्हटलं हाच चौक. उजवीकडे वळले. मग तुझं नाक सरळ चालूच. गोदामं लागली, धोब्यांच्या दोऱ्या लागल्या, एक कोंबड्यांचं दुकान. किल्ल्या करणाऱ्याला विचारलं, मोठं पाणी कुठं? तो म्हणाला, पाच मिनिटं. तुमच्या गावात पाच मिनिटं केवढी असतात गं?”

“लहान-मोठी असतात,” चौकशीबाई म्हणाली. “मग?”

“मग लागलं की पाणी. मोठं फाटक, आत गोल गोल तळी, चार. भोवती कठडा. वास जरा मारत होता. म्हटलं, एवढ्या लांबून लोक हे बघायला येतात? पण आपण नवखे, नावं कशाला ठेवा? बसले काठावर. तर एक राखणदार धावत आला. म्हणाला, आजी, इथं काय करता? म्हटलं, तलाव बघायला आलेय. तो बघतच राहिला. म्हणाला, वीस वर्षं इथं आहे, बघायला कुणी आलं नव्हतं. मग त्यानं मला सगळं फिरून दाखवलं. ही मोठी यंत्रं. पाणी या तळ्यात येतं, त्यातून त्या तळ्यात जातं. अंगठ्याला ठेच लागली तर चिंधी बांधली. चहा पाजला. आणि म्हणाला, स्टँडवर जा, तिथं चौकशीबाई आहे, तिला सगळं गाव ठाऊक.”

चौकशीबाईनं पावतीपुस्तक मिटलं. “आक्का, तो तलाव नव्हता.”

“मग?”

“गावाच्या गटाराचं पाणी जातं तिथं. साफ करायला.”

आक्काचा घास हातात राहिला. तिनं तो खाल्ला, चावून, पूर्ण. मग म्हणाली, “तरीच. मी म्हणत होते, तलावाला एवढी यंत्रं कशाला.”

“माझं चुकलं. मी डावं-उजवं उलटं लिहिलं.” आणि चौकशीबाईनं आपला हात आणि आपली जीभ यांची सगळी हकिकत सांगितली. त्या दिवशी ती घरच्या माणसाशी एवढं सलग बोलली, याचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात सहाच्या गाडीचा पुकारा झाला. गाव, फलाट, दोनदा. दोघींनीही ऐकला. आक्का डब्याच्या झाकणात हात धूत होती.

“घर बघायचं तर मोरी आधी बघावी,” ती म्हणाली. “दिवाणखाना काय, कुणीही झाडतं. मी तुमच्या गावाची मोरी बघून आले. शेवटच्या तळ्यातलं पाणी निवळ होतं गं. त्या राखणदारानं ओंजळीत घेऊन दाखवलं.”

“प्यालीस नाहीस ना?”

“एवढी आवडली नाही.”

फलाटावर गाडीनं भोंगा दिला. आक्का उठली नाही. चौकशीबाईनंही काही विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रश्न ऐकलेल्या बाईला एवढं कळत होतं, की काही वेळा विचारलं की उत्तर बदलतं. गाडी गेली. मग आक्कानं तिकीट काढून चौकशीबाईच्या पुढ्यात ठेवलं. “हे फेकून दे.”

“घरी एक सांगते,” चौकशीबाई म्हणाली. “मी दमलेली असते. फार विचारू नकोस मला.”

“तुला कशाला विचारू? उत्तरं उलटी देतेस,” आक्का म्हणाली. “आणि काल दोन तास बसले होते ना बाकावर. मोजत होते. दोनशे बारा जणांनी विचारलं तुला. माझा नंबर उद्या लागला तरी चालेल.”

खिडकी बंद करताना फिटर आला, सायकल हातात धरून, गुडघ्यापर्यंत चिखल. आक्काला ट्रंकेवर बसलेली बघून तो म्हणाला, “आक्का, तुम्ही इथं? मी आत्ताच पोलिसात वर्दी देऊन आलो.”

“मग जा आणि सांगा, म्हातारी घरी गेली,” आक्का म्हणाली.

“कोण मेली?”

“दुसऱ्या बाजूला या, म्हणजे सांगते.”

तो पोलीस चौकीकडे गेला आणि दोघी घराकडे निघाल्या. दिवसभर चालून आक्काचे पाय ओढत होते, आणि दिवसभर बसून चौकशीबाईचे. घड्याळाच्या चौकात, खऱ्या चौकात, आक्का थांबली. रस्ता दोन्हीकडे फुटत होता.

“आता कुणीकडे?” तिनं विचारलं. आणि लगेच म्हणाली, “चुकले. उद्या विचारते.”

चौकशीबाईनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. करड्या पिशवीचा दुसरा बंद आपल्या हातात घेतला आणि दावं धरून गाय वळवावी तशी आक्काला घराच्या बाजूला वळवली.

“हळू ओढ,” आक्का म्हणाली. “बंद तुटेल.”